हस्त, स्वाती, चित्रा

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ओजस,

आशीर्वाद आहेतच. ते फोन उचलला नाही तरी पोचतात.

तू माझा नंबर ब्लॉक केलास असं बाबांनी सांगितलं. त्यांचा केलेला नाहीस, म्हणजे राग कोणावर आहे ते उघड आहे. म्हणून कागदावर लिहितेय, आणि मुद्दाम मराठीत. इंग्रजी पत्र तू उभ्या उभ्या चाळून बाजूला टाकलं असतंस. मराठी वाचायला तुला अजूनही अक्षरांखालून बोट फिरवावं लागतं. रविवारच्या मराठी शाळेत मी तेवढं तरी पदरात घातलं. शिवाय तुला सध्या स्क्रीन बघायची मनाई आहे, कागदाची नाही. डोकं दुखायला लागलं तर तिथेच थांब आणि उरलेलं उद्या वाच. पत्र कुठे पळून जात नाही.

हो, तुझ्या टीमच्या डॉक्टरांना फोन मी केला. नंबर मी शोधला, आणि कोण बोलतंय विचारल्यावर ‘शोभना देवपुजारी, हिज मदर’ असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते तुझ्या कानावर घातलं हे बरंच झालं. चोरून काही करायची मला सवय नाही.

काय सांगितलं तेही ऐक, कारण तू बाबांना म्हणालास म्हणे, "शी टोल्ड देम आय अ‍ॅम क्रेझी." तसं काही मी म्हटलं नाही. मी सांगितलं की माझा मुलगा मॅचच्या दिवशी दुपारी हॉकीच्या स्टिकला टेप गुंडाळताना मला फोन करतो आणि सत्तावीस नक्षत्रं म्हणतो. टेपचा एक वेढा, एक नक्षत्र. टीममधला कोणी डावा बूट आधी घालतो, कोणी दाराच्या चौकटीला दोनदा हात लावतो, तसं याचं हे. कॉलेजपासून त्याने एकही मॅच चुकवलेली नाही आणि एकही नक्षत्र गाळलेलं नाही. जानेवारीत त्या आडदांड मुलाने मागून येऊन त्याला रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटलं, आणि आमचा वीर दहा मिनिटांत परत बर्फावर उतरला. त्यानंतरच्या मॅचला तो मघापाशी अडला. हसला, ‘ब्रेन फ्रीज’ म्हणाला. मी सोडून दिलं. त्याच्या पुढच्या मॅचला मघा नीट आलं आणि मघानंतर त्याने अश्विनी म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि आपण परत फिरलोय हे त्याला कळलंच नाही. मी फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी होते. टेपचा आवाज येत होता आणि तू शांतपणे दुसऱ्यांदा भरणी, कृत्तिका, रोहिणी म्हणत होतास.

डॉक्टर म्हणाले, "बट मॅम, ही पास्ड हिज टेस्ट." मग मी त्यांना त्या टेस्टचंही सांगितलं. तुझा खरा राग त्याचाच आहे, हे मला ठाऊक आहे. सीझनच्या सुरुवातीला तुमची सगळ्यांची कॉम्प्युटरवर परीक्षा घेतात, बेसलाइन म्हणतात तिला, स्मरण कसं आहे, लक्ष किती लागतं. पुढे कोणाच्या डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत देतात आणि दोन्ही ताडून बघतात. मग तुम्ही शहाणे काय करता, तर पहिल्याच परीक्षेत मुद्दाम चुका करता, म्हणजे नंतर खरंच चुकलात तरी फरक दिसायला नको. थँक्सगिव्हिंगला आपल्याच टेबलावर श्रीखंडाची वाटी चाटत तू हे रंगवून सांगितलंस. "एव्हरीबडी डज इट, यार आई." बाबा हसले. मी वाट्या उचलायला लागले, ते तुला आठवत नसेल.

आता टीमने तुला उरलेल्या सीझनभर बसवलंय आणि तू म्हणतोस, आईने करिअर संपवलं. हे पत्र माफीचं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोन करीन.

एक मात्र लागलं मनाला, ते लपवत नाही. बरं व्हायला तू मिनेसोटाला मार्लीसकडे गेलास, आपल्या घरी आला नाहीस. सोळाव्या वर्षी ज्युनिअर हॉकीसाठी तुला तिच्या घरी ठेवून निघाले, तेव्हा गाडीपाशी तिने माझा हात धरून शब्द दिला होता, "आय विल फीड हिम लाइक माय ओन." तिने शब्द पाळला. तेव्हा मी तिची आभारी होते. आता थोडी कमी आहे.

तुझी आई


कॅरी
३० मार्च २०२५, पाडवा

प्रिय ओजस,

आज गुढी उभारली. बाबा दरवर्षी म्हणतात, या खेपेला नीट बांबू आणू या, आणि दरवर्षी पाडव्याच्या सकाळी गराजमधून तुझी हायस्कूलमधली लाकडी स्टिकच निघते. ब्लेड खाली, वर खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि तांब्या. शेजारच्या प्रीताच्या सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्यात. त्यांनी डेकवरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कसली हो काठी?" मी म्हटलं, "आमच्या मुलाच्या पोटापाण्याची."

त्यांना सगळं सांगावं लागलं. नागपूरच्या माणसांचा मुलगा बर्फावर कसा गेला, हे लोकांना मोठं नवल वाटतं. आम्हाला बर्फ ठाऊक होता तो उसाच्या रसात घालण्यापुरता. तू आठ वर्षांचा असताना आपल्या इथली टीम कप जिंकली आणि त्या उन्हाळ्यात सगळ्या सबडिव्हिजनभर घराघरांच्या ड्राइव्हवेत पोरं स्टिका घेऊन उतरली. बाकीच्यांचं वेड शाळा सुरू झाल्यावर उतरलं, तुझं नाही उतरलं. संजीवकाकांनी बाबांना बाजूला घेऊन समजावलं होतं, "रवींद्र, टेनिसला घाल. मारामारीचा खेळ आहे हा. आपली हाडं त्यासाठी नाहीत." बाबा अख्खा दिवस विचार करत बसले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तुझ्यासाठी हेल्मेट घेऊन आले.

रिंक आम्हाला मिळायची ती पहाटेची, कारण दुपारच्या चांगल्या वेळा मोठ्या क्लबांकडे. बाबांना ऑफिसला जायचं असायचं म्हणून नेणं माझ्याकडे. संध्याकाळी तुला होमवर्क आणि मला स्वयंपाक, मग परवचा म्हणायचा कधी? माझ्या आईने दिवेलागणीला आम्हा तिघी बहिणींना ओळीने बसवून पाढे, तिथ्या, महिने, नक्षत्रं म्हणवून घेतली होती. तू कोरा राहावास हे मला सहन होईना. म्हणून आपला परवचा पहाटे गाडीत. तू मागच्या सीटवर अर्धं सामान अंगावर चढवून बसलेला, तोंडात केळं, आणि मी आरशातून बघत म्हणायचे, हं, अश्विनी. पाढे तू विसरलास, तिथ्या विसरलास. नक्षत्रं राहिली.

आणि त्यातली तुझी ती एक चूक. हस्तानंतर चित्रा येतं आणि मग स्वाती. तू पहिल्या दिवसापासून हस्त, स्वाती, चित्रा म्हणायचास. मी सुधारलं तर तू म्हणालास, "बट स्वाती मावशी इज ओल्डर." स्वाती मावशी थोरली, चित्रा मावशी धाकटी, मग धाकटीचं नाव आधी कसं घ्यायचं? आकाशातल्या ग्रहगोलांपुढे मला उत्तर सापडलं असतं, तुझ्या या न्यायापुढे सापडलं नाही. नागपूरला फोन करून सांगितलं तेव्हा स्वातीताई इतकी खूश झाली की चित्रा आठवडाभर तिच्याशी फुगून होती. तेव्हापासून आपल्या घरात ते तसंच. मी कधी पुन्हा सुधारलं नाही आणि तू कधी चुकून बरोबर म्हटलं नाहीस.

तुला वाटतं मला हा खेळ कधी आवडलाच नाही आणि मी निमित्त शोधत होते. हे खोटं आहे. तू उलटा स्केट करत मागे मागे जातोस, समोरचा खेळाडू पकची चकती घेऊन अंगावर येत असतो आणि तुझी मान मात्र स्थिर असते, ते बघताना माझ्या छातीत काय होतं ते मला सांगता येणार नाही. तुला वरच्या लीगमध्ये बोलावलं तेव्हा आम्ही दोघं विमानाने आलो होतो. पाठीवर ‘देवपुजारी’ या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. त्या निवेदकाने नावाचा पार चिवडा केला. शेजारच्या माणसाला बाबा ओरडून सांगत होते, "दॅट्स अवर नेम." मला त्या वेळी काहीच नीट दिसत नव्हतं. त्या मोजक्या मॅचेसच्या आठवणींवर मी उरलेलं आयुष्य काढू शकते. तुला तेवढ्यावर काढता येणार नाही, हेही मला कळतं.

गाठी वेगळी पाठवतेय. मार्लीसलाही दे.

आई


कॅरी
१८ मे २०२५

ओजस,

तुझ्या टीमने करार पुढे वाढवला नाही, हे मला मार्लीसकडून कळलं. मार्लीस मला आता दर रविवारी फोन करते. तिला ओरडू नकोस. मी विचारत नाही, तीच सांगते, आणि सांगताना रडते. मी तिला फेब्रुवारीच्या पत्रात टोचून बोलले होते, ते मागे घेते. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणायची मला फार इच्छा होती, पण ती बाई तिखट नाहीच. तिच्या जेवणासारखीच आहे, मऊ आणि बिनमिठाची.

ती सांगते, तू सकाळी नाश्त्याला घरात काळा चष्मा लावून बसतोस. डिशवॉशर लावला की तळघरात जातोस. परवा तू ट्रक चालू ठेवून आत आलास आणि मग सगळ्या घरात ट्रकची किल्ली शोधलीस, इंजिनाचा आवाज खिडकीतून येत असताना. तिने तुला काही म्हटलं नाही, तिचे यजमान मुकाट्याने बाहेर जाऊन बंद करून आले. "शोबाना, ही सेज ही इज फाइन. ही इज नॉट फाइन." इतकं साधं वाक्य.

बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "शिर सलामत तो पगडी पचास." मग दोन मिनिटांनी म्हणाले, "पण त्याला दुसरी पगडी कुठली गं? आठव्या वर्षापासून एकच तर घातली त्याने." तुझ्या बाबांचं हे असं आहे. एका तोंडाने माझ्या बाजूचे आणि दुसऱ्या तोंडाने तुझ्या. तळघरातल्या तुझ्या ट्रॉफ्या पुसायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय. मी पुसते तशा चमकत नाहीत म्हणे.

त्यांनी मला विचारलं, "तू फोन केला नसतास तर?" मी त्यांना विचारलं, "मी फोन केला नसता आणि फेब्रुवारीत त्याला पुन्हा कोणी आपटलं असतं तर?" त्यावर आम्ही दोघंही टीव्ही बघत बसलो. टीव्ही बंद होता.

तू सत्तावीस वर्षांचा आहेस. तुझ्या वयाला मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन या देशात उतरले, आणि मला वाटलं होतं की संपलं सगळं, आता फक्त थंडी. संपलं नव्हतं. हे मी तुला उपदेश म्हणून सांगत नाही. उपदेश तू तसाही ऐकत नाहीस.

आई


कॅरी
१३ जुलै २०२५

माझ्या राजा,

तुझा व्हॉइस मेसेज बाबांच्या फोनवर आला. बाबा धावत स्वयंपाकघरात आले, मला हातातली कणीक धुवूही दिली नाही. "ऐक, ऐक," म्हणत त्यांनी फोन ओट्यावर ठेवला.

अश्विनीपासून रेवतीपर्यंत. एका दमात, न अडखळता, न थांबता. मघाशी थांबला नाहीस, मागे फिरला नाहीस. आवाज खणखणीत. शेवटी म्हणालास, "देअर यू गो, आई. ऑल ट्वेंटी सेव्हन. नाऊ प्लीज." पाच महिन्यांनी तुझ्या तोंडून ‘आई’ ऐकलं. मी कणकेच्या हातांनी डोळे पुसले आणि बाबा मला हसले, आणि मग त्यांनाही चष्मा काढावा लागला.

युरोपातल्या त्या टीमचंही बाबांनी सांगितलं. छोटं गाव, जुनी रिंक, पण लोक वेडे आहेत म्हणे हॉकीचे. ऑक्टोबरमध्ये हजर व्हायचंय. तिथले डॉक्टर तुला विचारणार, सध्या काही त्रास आहे का, आणि तू नाही म्हणणार, आणि ते खरं असणार. बाबांनीच तुला सुचवलं ना, की एकदा आईला नक्षत्रं म्हणून दाखव, ती गप्प बसेल? मला राग आला नाही. मी खरंच गप्प बसायला तयार आहे. दुपारी मी श्रीखंडासाठी दही टांगलं. कोणासाठी ते मला माहीत नाही.

पत्र उद्या टाकते. 


१५ जुलै

पत्र टाकलं नाही.

काल सकाळी चहा घेताना मी तुझा मेसेज पुन्हा लावला. काही कारण नव्हतं, तुझा आवाज ऐकायचा होता. पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती.

मी तिथे थांबवलं आणि मागे नेऊन परत ऐकलं. हस्त, चित्रा, स्वाती. पुढे गेले. धनिष्ठा, आणि मग तू म्हणालास, शतभिषा.

ओजस, आपल्या घरात शततारका म्हणतात. माझ्या आईने मला शततारका शिकवलं, मी तुला गाडीत शततारका शिकवलं. शतभिषा इंटरनेटवर असतं. आणि चित्रा मावशी तुझ्या तोंडून आयुष्यात कधी स्वाती मावशीच्या आधी आलेली नाही. मग तिसऱ्यांदा ऐकलं, डोळे मिटून. टेपचा आवाज नाही. वेढ्यावेढ्याला जी थोडी फट पडते, ती नाही. तू कुठेतरी टेबलापाशी बसला होतास आणि वाचत होतास.

डॉक्टरांच्या परीक्षेत तू मुद्दाम चुकलास, आणि माझ्या परीक्षेत तुझी चुकण्याची जागाच विसरलास.

मला राग आलेला नाही, हे लिहायचं आहे आणि लिहिता येत नाही. मी फार घाबरलेय. कारण पहिल्या वेळी, जानेवारीत, तू अडकत होतास आणि तुला कळत नव्हतं. या वेळी तुला कळतंय. आपल्याला म्हणता येत नाही हे कळल्याशिवाय माणूस कागद कशाला समोर घेईल?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते ‘ओजसचं सगळं ठीक आहे’ असं सांगायला संजीवकाकांकडे लाडू घेऊन गेलेत.

आई


कॅरी
१० ऑगस्ट २०२५

प्रिय ओजस,

पत्र तुला मिळालं, मार्लीसने स्वतः तुझ्या हातात दिलं आणि तू ते घेऊन तळ्यापाशी गेलास, एवढं मला माहीत आहे. त्याला तीन आठवडे झाले.

बाबांना सांगावं लागलं. ते जिना उतरून तळघरात गेले. मग वर येऊन म्हणाले, "त्या युरोपवाल्या टीमला फोन कर." हे म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल, ते तू त्यांच्या जागी असतास तरच तुला कळलं असतं. मार्लीसनेही मॅनेजरचा ईमेल पाठवला. दोघांनी मिळून माझ्या हातात सगळं आणून ठेवलंय. बाबा म्हणाले, "तू मागे केलास ना? मग आता का नाही?"

मी करणार नाही.

फेब्रुवारीत मी बोलले, कारण तुला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. ते सांगणं माझं काम होतं. आता तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी आज फोन केला तर हे दारही मीच बंद केलं, असं तू जन्मभर म्हणशील, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या कुठल्यातरी गावातली टीम शोधशील, आणि मी तिथेही फोन करीन. किती गावांना फोन करू? बर्फ जगात फार ठिकाणी आहे.

माझी हिंमत होत नाही, असं आहे का, हेही मनाला विचारून बघितलं. तसं नाही. रोज सकाळी तो ईमेल मी उघडते, दोन ओळी लिहिते आणि पुसते. न करणं मला जास्त जड जातंय. तू तिथे गेलास आणि तुला काही झालं, तर आईला माहीत होतं आणि ती बसून राहिली, असं मलाच मला म्हणावं लागेल. तरीही करणार नाही. डोकं तुझं आहे, खोटं तू बोललास, खरंही तूच बोलायचं.

एवढंच सांगते. त्या गावच्या डॉक्टरांनी विचारलं की काही त्रास आहे का, तर उत्तर द्यायच्या आधी मनातल्या मनात नक्षत्रं म्हण. कागद न घेता. मला ऐकवू नकोस. तूच ऐक. 

आई


कॅरी
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ओजस,

काल फोनवर मला काहीच बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तू तिथून इकडे यायला निघशील त्याच्या आधी हे मार्लीसकडे पोचावं म्हणून बाबा आत्ताच पोस्टात जाऊन टाकणार आहेत. कोट घालून दारात उभे आहेत. बाहेर ऐंशी फॅरनहाइट आहे, कोट कशाला घातलाय ते त्यांनाच माहीत.

काल दसरा. मी देवघरातली हत्यारं पुसत होते. आपल्याकडे हत्यारं म्हणजे माझी विळी, बाबांचा लॅपटॉप आणि तुझे लहानपणचे स्केट्स. स्केट्सना गंध लावत होते तेव्हा माझा फोन वाजला. माझा, बाबांचा नाही. आठ महिन्यांनी त्यावर तुझं नाव आलं.

तू हॅलो म्हटलं नाहीस. आधी टेप ओढल्याचा आवाज आला. तो चरचर आवाज मी झोपेतही ओळखीन. मग तू सुरू केलंस. अश्विनी. वेढा. भरणी. वेढा. मी खाली जमिनीवर बसले. बाबा आत येत होते, त्यांना मी हाताने थांबवलं. कृत्तिकेनंतर तू बराच वेळ थांबलास, मला वाटलं संपलं, पण मग रोहिणी आलं. पुष्य गाळलंस, परत आलास, घेतलंस. मघापाशी तुझा श्वास मला ऐकू येत होता. मी ओठ चावून बसले होते. एक शब्द पुरवला नाही, देवाशपथ. पूर्वा, उत्तरा.

"हस्त," तू म्हणालास. "स्वाती. चित्रा."

आणि टेप थांबली.

मग तू मराठीत म्हणालास, "पुढचं येत नाही, आई." मी तुला चालायला शिकवलं, सायकल शिकवली, मागे बघून गाडी रिव्हर्समध्ये घ्यायला शिकवली. तू ‘येत नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. आठव्या वर्षी बर्फावर पडून हनुवटी फुटली होती तेव्हाही तू म्हणाला नव्हतास.

मग तू सांगितलंस. त्या टीमला तूच लिहिलंस, तुझ्या हातांनी, की मी येणार नाही, आणि का येणार नाही तेही लिहिलंस. "आय टोल्ड देम एव्हरीथिंग. द बेसलाइन थिंग टू." मार्लीस मागे रडत होती ते मला ऐकू येत होतं. तू विचारलंस, "नाऊ व्हॉट, आई?" आणि मला हुंदका आला. तुला वाटलं, मी खेळ सुटला म्हणून रडतेय. तसं नव्हतं. काही अंशी तसंही होतं. पण मुख्य म्हणजे, तू स्वाती आधी घेतलीस ना, तिथे मला माझा मुलगा परत ऐकू आला. अर्धाच आला, पण तो माझाच होता.

नाऊ व्हॉट, ते मला माहीत नाही, बाळा. बाबांनी इथल्या डोक्याच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. त्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं की घाई करायची नाही, काही गोष्टी परत येतील, काही कदाचित येणार नाहीत. तुझ्या खोलीला जाड पडदे लावलेत. डिशवॉशर महिनाभर लावणार नाही, भांडी हाताने घासू. खोलीतल्या भिंतीवरची ती मोठी जर्सी काढू का राहू देऊ, ते बाबांना ठरवता येत नव्हतं, मी म्हटलं राहू दे. आपलंच नाव आहे.

विमानतळावर मी एकटी येणार आहे. बाबांना घरी थांबायला सांगितलंय, ते रस्ताभर प्रश्न विचारतील. तू मागच्या सीटवर बस, डोळे मिटून, काळा चष्मा लावलास तरी चालेल. काही बोलायची गरज नाही.

चित्रानंतर विशाखा येतं. त्याच्या पुढचं गाडीत म्हणू.

आई